मसुदा आमच्या हाती



आम्ही सातवीपुढे शाळा पाहिली नाही. तरी युनियनच्या ब्लॉगवर लिहावयाचे काम आमच्याकडेच आहे. गेल्या पावसाळ्यात वेतनकराराची हकीकत थेट ब्लॉगवर टंकीत असता वीज गेली आणि दोन तासांचे श्रम बुडाले. रात्रपाळीची माणसे वाट पाहत होती; त्यांना तोंड काय दाखवावे!

तेव्हा एका पोराने ‘ओपन लाइव्ह रायटर’ हे सॉफ्टवेअर आमच्या संगणकात घालून दिले. त्यात इंटरनेटवाचून लिहिता येते, मसुदा आपल्याच यंत्रात राहतो; जोडणी आली की कळ दाबून लेख रवाना करावयाचा. “काका, साध्या नोटपॅडातही लिहाल की,” तो म्हणाला. खरे आहे, पण पगाराचा तक्ता तेथे कसा मांडावा?

मूळ ‘लाइव्ह रायटर’ मायक्रोसॉफ्टचा. त्याची शेवटची आवृत्ती 2012 ची. पुढे कंपनीतल्याच काही नोकरांनी स्वखुशीने खटपट केली आणि डिसेंबर 2015 मध्ये त्याची मूळ संहिता सर्वांना खुली झाली. बंद पडलेली गिरणी कामगारांनी चालू करावी, तसेच आम्हांस ते वाटले.

करार पुन्हा लिहावयास बसलो. दर परिच्छेदाला मसुदा जतन केला. वीज पुन्हा गेलीच. पण पहिल्या पाळीचा भोंगा होण्याआधी लेख गेला होता.