शिकारी कुत्र्याची दुखापत

दख्खनच्या पठारावर पिढ्यान् पिढ्या नांदत आलेला कारवानी कुत्रा शहरांतील घरीं प्रथम येतो, तेव्हां पाहणाऱ्याचें लक्ष त्याच्या लांब पायांकडे, खोल छातीकडे आणि आंत ओढलेल्या पोटाकडे जातें. मुधोळच्या घोरपडे राजांनीं या कुळीला आश्रय दिला, म्हणून मुधोळ कुत्रा या नांवानेंही तो प्रसिद्ध आहे. वासावरून माग काढण्यापेक्षां नजरेनें सावज हेरून वाऱ्याच्या वेगानें त्याच्या मागें धांवणें, हा त्याचा वंशपरंपरागत धर्म. १९७२ सालच्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें ससे-हरणांच्या शिकारीला बंदी झाली. पण कायद्यानें माणसाचा हात आवरला, कुत्र्याच्या रक्तांतील धांव आवरली नाहीं. मोकळें माळरान दिसलें आणि दूर कांहीं हाललें, कीं तो आजही सुटतो. वाटेंतील बाभळीचा कांटा, कुंपणाची कांटेरी तार किंवा फुटकी बाटली यांचें भान त्याला त्या क्षणीं राहत नाहीं.

येथेंच नव्या मालकाची पहिली फसगत होते. कुत्र्याला लागलें म्हणजे तो विव्हळेल, लंगडेल, जवळ येऊन पाय पुढें करील, अशी त्याची कल्पना असते. शिकारी जातीचा कुत्रा पुष्कळदां तसें करीत नाहीं. धांवण्याच्या भरांत त्याला वेदना जाणवत नाहीं, आणि भर ओसरल्यावरही तो ती दडवितो. कातडें टरकलेलें असतांही तो शेंपटी हालवीत परत येतो. म्हणून अशा कुत्र्याची दुखापत त्याच्या तक्रारीवरून ओळखावयाची नसते. ती त्याच्या अंगावरून वाचावयाची असते.

तें वाचतां येण्यासाठीं निरोगी अंगाची ओळख आधीं हवी. स्वस्थ पडलेला कुत्रा मिनिटाला १० ते ३० वेळां श्वास घेतो. मागच्या मांडीच्या आंतल्या बाजूस बोटें ठेवलीं असतां नाडी लागते. ती मोठ्या कुत्र्यांत मिनिटाला साधारण ६० ते १२० असते. अंगाचें उष्णमान १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे माणसापेक्षां अधिकच. तेव्हां केवळ हाताला ऊन लागलें म्हणून ताप समजूं नये. हिरड्या गुलाबी व ओलसर असतात. हिरडीवर बोट दाबून काढलें, तर पांढरा पडलेला ठिपका २ सेकंदांच्या आंत पुन्हा गुलाबी होतो. ज्यांच्या हिरड्या मुळांतच काळ्या असतात, त्यांच्या खालच्या पापणीची आंतली बाजू पाहावी. घरीं निवांतपणें हें चार-सहा वेळां पाहून ठेवलें, म्हणजे प्रसंगीं फरक तत्काळ ध्यानांत येतो. हिरड्या पांढुरक्या पडल्या, नाडी जलद व क्षीण झाली, पाय गार लागूं लागले, तर बाहेर रक्ताचा थेंब दिसत नसला तरीही जीव धोक्यांत आहे असें समजावें. पोटांत किंवा छातींत होणारा रक्तस्राव डोळ्यांना दिसत नाहीं.

दुखावलेल्या कुत्र्याजवळ जातांना मालकानें धांवत, ओरडत जाऊं नये. बाजूनें, हळू बोलत, खालीं बसत जावें. अत्यंत मायाळू कुत्राही वेदनेनें चावतो, आणि त्यांत त्याचा दोष नसतो. मऊ कापडाच्या लांब पट्टीचा फांस नाकाडावरून घालून, हनुवटीखालीं एक वेढा देऊन, पट्टीचीं टोकें कानांमागें सुटेल अशा गांठीनें बांधावीं. मात्र कुत्रा ओकत असेल, धापा टाकीत असेल किंवा त्याला श्वास घेणें जड जात असेल, तर तोंड मुळींच बांधूं नये.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची जाड घडी जखमेवर ठेवून तळहातानें दाब द्यावा व तो पांच मिनिटें तसाच ठेवावा. थांबलें का हें पाहण्यासाठीं घडी मधेंच उचलणें हीच नवशिक्याची नेहमींची चूक. तेणेंकरून नुकतीच धरूं लागलेली गुठळी निघून येते. घडी भिजली तर तिच्यावरच दुसरी ठेवावी. २५ किलो वजनाच्या कुत्र्याच्या अंगांत सुमारें २ लिटरच रक्त असतें; त्यांतील अर्धा लिटर गेलें तरी प्रसंग कठीण होतो. अंगांत रुतलेली काठी किंवा सळई उपटूं नये. पुष्कळदां तीच रक्त थोपवून धरीत असते.

रक्त थांबल्यावर लहान जखम धुवावी. लिटरभर उकळून निवविलेल्या पाण्यांत ९ ग्रॅम, म्हणजे सुमारें दीड चहाचा चमचा, मीठ घातलें कीं धुण्याचें उत्तम पाणी तयार होतें. हळद, चुना, तंबाखू, रॉकेल यांपैकीं कांहींही जखमेंत भरूं नये. त्यानें जखम झांकली जाते, बरी होत नाहीं. वरवरच्या लांब चिरेपेक्षां लहान छिद्राचें भय अधिक मानावें. दुसऱ्या कुत्र्याचा दांत किंवा रानडुकराचा सुळा वर बोटाएवढें तोंड करतो, पण आंत कातडें व स्नायू विलग करून घाण खोल नेतो. अशी जखम वरून मिटते आणि आंत पू धरते. ती त्याच दिवशीं पशुवैद्याला दाखवावी. छातीवरच्या छिद्रांतून हवेचा आवाज येत असेल, किंवा पोट फाटलें असेल, तर ओलें स्वच्छ कापड वर धरून क्षणाचाही विलंब न करतां निघावें.

पायाचीं हाडें या जातींत लांब आणि बारीक. पाय भलत्या बाजूस वळला किंवा कुत्रा तो टेकूंच देईना, तर ओढून सरळ करण्याचा प्रयत्न करूं नये. रुंद फळीवर किंवा ताणलेल्या घोंगडीवर निजवून दोघांनीं त्याला उचलावें.

जखमेवांचूनही इजा होते, आणि आपल्याकडील उन्हाळ्यांत ती सर्वांत घातक. दुपारच्या धांवेनंतर धाप थांबत नाहीं, हिरड्या लालभडक दिसतात, चाल अडखळते. ही उष्माघाताची लक्षणें होत. कुत्र्याला सावलींत नेऊन अंगावर सतत पाणी ओतावें, वारा घालावा, आणि उष्णमान १०३ अंशांवर येतांच पाणी थांबवावें. नंतर तो उभा राहिला, तरी दाखविल्यावांचून राहूं नये.

साप चावल्यास पाय आवळून बांधणें, चीर देणें, विष चोखणें हें सारें वर्ज्य. कुत्र्याला चालवूं नये, उचलून न्यावें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारींच्या विषावर चालणारी लस मिळते; परंतु ती डॉक्टरांच्या हातींच शोभते.

घरांतील औषधांच्या डब्याला हात लावण्यापूर्वीं तर दोनदां विचार करावा. माणसाला दिलासा देणारें पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कुत्र्याच्या यकृताचा, जठराचा किंवा मूत्रपिंडाचा घात करूं शकतें. भूल देण्याची वेळ आली, तर कुत्रा या सडपातळ कुळीचा आहे हें डॉक्टरांस आवर्जून सांगावें. थायोपेंटोनसारख्या औषधाचा अंमल त्याच्या शरीरांतून उशिरा उतरतो. अनोळखी कुत्र्यानें, कोल्ह्यानें वा मुंगसानें चावा घेतला असेल, तर तेंही सांगावें. रेबीज एकदां प्रकट झाला कीं त्यावर इलाज उरत नाहीं. सांवरतांना माणसाला दांत लागला, तर जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं १५ मिनिटें धुवून त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

हें सारें संकटाच्या वेळीं आठवेलच असें नाहीं. म्हणून फिरावयास निघतांना एका पिशवींत कापसाच्या घड्या, पट्ट्या, चिमटा, उष्णतामापक, पाण्याची बाटली आणि पशुवैद्याचा पत्ता एवढें असावें. घरीं परतल्यावर, खाणें घालण्यापूर्वीं, नाकापासून शेंपटीच्या टोंकापर्यंत एकदां हात फिरवावा. बोटांच्या बेचक्यांतील कांटा, उखडलेलें नख, कानाची फाटलेली कड, कांखेंतील ओरखडा, सारें त्या हातालाच कळतें. ज्या बाजूस हात लागतांच कुत्रा श्वास रोखतो किंवा मान वळवून पाहतो, तेथें थांबावें. त्या हाताला पांच मिनिटें पुरतात. आपली वेदना सांगण्याची सवय ज्याला पिढ्यान् पिढ्या नाहीं, त्या जनावराच्या वतीनें मालकाच्या हातानेंच ती विचारावयाची असते.