हिमनदीच्या दारीं नृत्य

स्त्रीपुरुषांनीं हातांत हात घेऊन चारचौघांत नाचणें हें पुण्याच्या जुन्या वाड्यांत एके काळीं अनुचित मानलें जाई. आज त्याच शहरांत बॉलरूम नृत्याचे वर्ग चालतात आणि येथील दांपत्यें अलास्काची जलयात्राही करतात.

तेथील ग्लेशियर बे या खाडींत दिवसाला फार तर दोनच मोठीं प्रवासी जहाजें सोडतात. मार्जरी हिमनदीच्या सुमारें मैलभर रुंद मुखासमोर जहाज थांबतें आणि दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना दर्शन घडावें म्हणून जागच्या जागीं वळतें. रात्रीं दिवाणखान्यांत वॉल्ट्झ सुरू होतो. तीन मात्रांचें आवर्तन. एकानें पाऊल पुढें टाकलें कीं दुसऱ्यानें मागें घ्यावयाचें.

हिमही असेंच पुढेंमागें सरकतें. अठराव्या शतकांत तें पुढें आलें, तेव्हां हूना त्लिंगित लोकांना घरेंदारें सोडावीं लागलीं. १७९४ सालीं जॉर्ज व्हँकुव्हर यांच्या पथकाला या खाडीच्या जागीं बहुतेक हिमाची भिंतच आढळली. १८७९ सालीं जॉन म्यूर तेथें पोहोंचले, तोंवर ती चाळीसांहून अधिक मैल मागें हटली होती. ही माघार निसर्गक्रमानें सुरू झाली खरी. परंतु आज जगांतील हिमनद्या ज्या उष्णतेनें वितळत आहेत, तींत प्रवाशांना नेणाऱ्या विमानांच्या व जहाजांच्या धुराचाही वाटा आहे.

नृत्याच्या वर्गांत पहिला धडा मिळतो तो जोडीदाराचा पाय न तुडविण्याचा. हिमनदीच्या दारीं जाणाऱ्यानेंही तो विसरूं नये.