पांढरीच्या मातीत लेकरांचे हात

गटाच्या बैठकीत आपण हप्ते, कर्ज, शेळ्या, शिलाई यांचं बोलतो. आज सुट्टीतल्या लेकरांसाठी एक काम सांगते. आहे खेळासारखंच, पण त्यानं गावाचं मोठं नुकसान टळू शकतं.

आपल्याकडे जमीन दोन प्रकारची, काळी आणि पांढरी. काळीत पीक येतं, पांढरीवर गाव वसतं. जुन्या वस्तीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती शेकडो वर्षं साचली की पांढरीचं टेकाड होतं. ती माती आपण सारवायला, धाब्यावर टाकायला आणतो. शेतात टाकायला तर ट्रॉल्याच्या ट्रॉल्या जातात, आणि त्यांच्यासोबत जुनी खापरं, मणी, बांगड्यांचे तुकडेही जातात.

आपलं पैठण सातवाहनांची राजधानी होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक पुस्तकात लिहिलंय, की पैठण आणि तेरहून माल गाड्यांतून भडोचच्या बंदरावर जाई. तेरचं कापड तेव्हाही नावाजलेलं होतं. या काळातल्या वस्तू पैठणच्या बाळासाहेब पाटील वस्तुसंग्रहालयात आणि तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात बघायला मिळतात. जाण्याआधी वेळ विचारून घ्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं तर २०१५ मध्ये फिरती बस सुरू केली. तिच्यात लेकरांना जुन्या वस्तूंच्या प्रतिकृती हाताळायला मिळतात.

बस आपल्या गावात येईल तेव्हा येईल. तोवर एक घमेलं घ्या. तळाला वाळू आणि त्यात खापरं, मध्ये राख आणि त्यात मणी, वर काळी माती आणि त्यात एखादं बटण, आजचं नाणं. वरून सुतळी ताणून चार भाग करा. लेकरांनी चमच्यानं आणि जुन्या ब्रशनं हळूहळू एकेक थर काढायचा, माती चाळायची. एकानं वहीत लिहायचं: कोणती वस्तू, कोणत्या थरात, कोणत्या भागात. मग विचारा, यात सगळ्यात जुनं काय? जे खाली, ते आधीचं, हे लेकरू स्वतःच सांगेल.

दुसरा खेळ. जुनं मडकं मोठ्या माणसानं फोडावं, कडा दगडावर घासून बोथट कराव्यात आणि तुकडे जुळवायला द्यावेत. इथं आजीला बोलवा. हा रांजणाचा काठ, हा परळाचा, हे तिला बघताक्षणी कळतं. जिला अक्षरओळख नाही, तीच इथं मास्तरीण.

वहीत का लिहायचं? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ अशा चार धातूच्या मूर्ती सापडल्या. वजन ६० किलोहून जास्त. पण त्या थराथरानं केलेल्या उत्खननात निघाल्या नाहीत, म्हणून त्यांच्या काळाबद्दल जाणकारांत अजून वाद आहे. वस्तू हाती आली तरी तिची जागा हरवली की अर्धी गोष्ट हरवते. म्हणून खेळ घमेल्यातच. खऱ्या टेकाडाला लेकरांनी हात लावायचा नाही.

खरंच काही सापडलं तर? तिथंच थांबा आणि तलाठ्याला, तहसीलला कळवा. दहा रुपयांहून जास्त मोलाची पुरलेली वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं, असा कायदा १८७८ पासून आहे. गुपचूप विकू नका. आणि गुप्तधन काढून देतो म्हणणाऱ्या बाबाला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. त्या नादात घरं बुडाली, बायालेकरांचे जीव गेले. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. ज्या लेकरानं स्वतः थर उकलून बघितलेत, त्याला ठाऊक असतं की मातीखाली निघते ती कुणाची तरी चूल, कुणाचं तरी मडकं.

पुढच्या बैठकीत दोन गोष्टी ठरवा. एका रविवारी गटातल्या सगळ्या लेकरांसाठी घमेलं भरायचं. आणि गावच्या पांढरीची माती कोण, किती नेतंय, हा प्रश्न ग्रामसभेत मांडायचा.