पाणवठ्याची गोष्ट

श्रोतेहो, धार आणि देवास ही नावे उच्चारली की मराठी मनुष्याला प्रथम पवारांचे राजवाडे आठवतात आणि त्यामागोमाग कलावंत. गिरगाव चौपाटीवरील लोकमान्यांचा पुतळा घडविणारे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके धारला स्थायिक झाले. कुमार गंधर्व १९४८ साली प्रकृतीच्या कारणास्तव देवासला आले आणि तेथलेच झाले. आज मात्र मला अनेकांनी मिळून करावयाच्या एका कलेविषयी बोलावयाचे आहे.

थोर पुरुषाचे स्मारक पुतळ्याने होते. परंतु हजारो सामान्य माणसांनी मिळून जे केले, त्याचे स्मारक कशाने करावे? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग लोक गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदे मंडळाने १९२३ सालीच केला होता. तरीही त्या ओंजळीपायी लोकांनी मार खाल्ला, आणि तळ्यावरील हक्क उच्च न्यायालयात शाबीत व्हावयास १९३७ साल उजाडले. अशा गोष्टीला एक चेहरा पुरत नाही. तिला अनेक गळे लागतात. हे ओळखूनच भीमराव कर्डक व त्यांच्यासारख्या तरुणांनी जलसे उभारले. तमाशाची परिचित चौकट त्यांनी घेतली, विषय मात्र पाण्याचा, मंदिरप्रवेशाचा आणि शिक्षणाचा ठेवला. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, त्यांना आपल्या हक्कांचा इतिहास घडत असतानाच ऐकावयास मिळाला.

माळव्यातही या जलशांची एक नातलग परंपरा आहे. डॉ. आंबेडकरांचे जन्मस्थान महू हे धारच्या शेजारच्याच इंदूर जिल्ह्यातले. या मुलखाच्या खेड्यांतून तंबुरा, मंजिऱ्या आणि ढोलक घेऊन रात्ररात्र कबीर गाणाऱ्या मंडळ्या आहेत. गाणाऱ्यांत दलितांचा भरणा मोठा. १९९१ साली देवास येथे ‘एकलव्य’ या शैक्षणिक संस्थेने त्यांच्यासाठी ‘कबीर भजन एवं विचार मंच’ सुरू केला. दर महिन्याच्या दोन तारखेला मंडळ्या जमत, गात आणि गाइलेल्या शब्दांवर चर्चाही करीत. जात न मानणाऱ्या कबीराचे भजन गाऊन आपण घरी गेल्यावर कसे वागतो, हा प्रश्न तेथे टळत नसे. हा उपक्रम १९९८ पर्यंत चालला. पुढे २०११ साली पद्मश्री मिळालेले प्रल्हादसिंग टिपाणिया यांचाही या मंचाशी संबंध होता.

याच मातीतील निर्गुणी भजने कुमारजींनी मैफलीत आणली आणि आपण तृप्त होऊन मान डोलावली. परंतु ती पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्याला आपल्या आळीच्या विहिरीवर पाणी मिळत होते काय, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? हा दोष गाणाऱ्याचा नव्हे, ऐकणाऱ्याचा.

म्हणून धार-देवासच्या तरुण मित्रांना माझे सांगणे आहे. हक्कांच्या इतिहासावर भिंत रंगवा, नाटक बसवा, भजन गा. परंतु आरंभ रंगाने न करता प्रश्नाने करा. घरातील आजीला विचारा : आपल्या विहिरीवर कोण येत असे? दूर कोण उभे राहत असे? त्याची घागर कोण भरून देई, आणि कोणी न आल्यास तो किती वेळ तिष्ठत राही? उत्तर देताना आजी जेथे अडखळेल, तेथून चित्राचा प्रारंभ करा. ज्याची आजी काठावर होती आणि ज्याची आजी दूर उभी होती, त्या दोघांच्याही हाती कुंचला असू द्या. दोन आठवणी जुळल्या नाहीत, तर त्या दोन्ही भिंतीवर येऊ द्या. केवळ एका बाजूने रंगविलेली भिंत शोभिवंत होईल, पण खरी होणार नाही.

अस्पृश्यतेविरुद्धचा १९५५ चा कायदा १९७६ साली ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ या नावाने ओळखला जाऊ लागला. कायदा विहीर खुली करतो. ती बंद कोणी ठेवली होती, हे मात्र मुलांना घरच्यांनीच सांगावे लागते. ते सांगणारी माणसे आता वृद्ध झाली आहेत. तेव्हा, मित्रहो, रंग आणावयास जाण्यापूर्वी आज संध्याकाळीच त्यांच्यापाशी जाऊन बसा.