नोंदलेला दोष: पेठ येथील परिषदेतील अध्यक्षीय भाषण



हलक्या विमानांतून, ग्लायडरांतून आणि पाठीला इंजिन लावलेल्या चिमुकल्या यानांतून हौसेने अथवा विद्यार्जनासाठी आकाशात जाणाऱ्या, तसेच त्या यंत्रांची निगा राखणाऱ्या मंडळींची ही परिषद पुण्यामुंबईच्या एखाद्या प्रशस्त सभागृहात न भरता सातगाव पठारावरील या गावी, बटाट्याच्या शेतांच्या शेजारी भरावी, याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. मला मात्र विचारान्ती ही जागा सर्वथा उचित वाटते. येथून फार दूर नसलेल्या जुन्नरच्या डोंगरांत ७ जुलै १९६२ रोजी, मध्यरात्र उलटून काही मिनिटे होतात न होतात तोच, बँकॉकहून मुंबईकडे निघालेले अलितालिया कंपनीचे डीसी-८ जातीचे विमान सुमारे ३६०० फूट उंचीवर डोंगरास धडकले आणि त्यातील ९४ जणांपैकी एकही जीव वाचला नाही. चौकशीत जे कारण निष्पन्न झाले ते यंत्राच्या बिघाडाचे नव्हते. आपण मुंबईच्या प्रत्यक्ष आहोत त्याहून अधिक जवळ आलो आहोत अशी वैमानिकाची समजूत झाली, त्या समजुतीच्या भरवशावर पावसाळी अंधारात विमान वेळेपूर्वीच खाली आणले गेले, सुरक्षित उंचीची मर्यादा ओलांडली गेली, आणि दिशादर्शनाची जी साधने हाताशी होती त्यांच्याशी त्या समजुतीची रुजवात घातली गेली नाही.

ते विमान अवाढव्य होते आणि आपली विमाने लहान आहेत, तेव्हा त्या दुर्घटनेशी आपला संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. माझ्या मते संबंध निकटचा आहे. जी चूक त्या रात्री जीवघेणी ठरली ती एका कक्षाच्या आत, काही थोड्या माणसांच्या मनात बंदिस्त राहिली. तिला दुसऱ्या कोणाच्या डोळ्याखालून जाण्याची संधीच मिळाली नाही. आपल्या छंदी उड्डाणात तर विमानाचा मालक, वैमानिक आणि पुष्कळदा किरकोळ दुरुस्ती करणाराही एकच गृहस्थ असतो, आणि त्यामुळे यंत्राचा दोष असो वा बुद्धीचा, तो एकाच माणसाच्या मनात कोंडून राहण्याचा संभव येथे सर्वाधिक असतो. आजच्या भाषणात मला एवढेच सांगावयाचे आहे की, दोषाला त्या कोंडीतून बाहेर काढून कागदावर आणणे हे आपले प्रथम कर्तव्य होय, आणि बाकीच्या सर्व दुरुस्त्या त्यानंतरच्या आहेत.

या देशातील छंदी उड्डाणाच्या आरंभकाळी या वृत्तीचे एक उदात्त उदाहरण घडलेले आहे. १० फेब्रुवारी १९२९ रोजी ज्यांना आपल्या देशातील वैमानिकाचा पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला ते जे. आर. डी. टाटा १९३० साली आगाखानांच्या ५०० पौंडांच्या बक्षिसासाठी कराचीहून इंग्लंडच्या दिशेने एकटे निघाले होते, आणि त्याच बक्षिसासाठी, अवघ्या सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून इकडे येत होते. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियानजीक अबूकीर येथे दोघांची गाठ पडली, तेव्हा अस्पींचे विमान स्पार्क प्लगच्या अडचणीमुळे अडकून पडले होते आणि त्यांच्याजवळ जादा प्लग नव्हता. त्यांनी आपली अडचण प्रतिस्पर्ध्यास सांगितली. टाटांनी आपल्याजवळचा प्लग काढून दिला. आणि शेवटी काही तासांच्या फरकाने बक्षीस अस्पींनाच मिळाले, जे पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. या प्रसंगात टाटांच्या औदार्याची वाखाणणी सर्वजण करतात आणि ती यथार्थच आहे. परंतु मला त्या सतरा वर्षांच्या मुलाचे धैर्यही तितकेच मोलाचे वाटते, कारण ज्याच्याशी शर्यत चालली आहे त्याच्यापाशी आपले इंजिन दगा देत असल्याची कबुली देण्यास लाज वाटण्याचे ते वय असते.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले ते पस मॉथ नावाच्या छोट्या विमानातून. या पस मॉथचा इतिहास आपल्यापैकी प्रत्येकाने अभ्यासावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. १९३० च्या ऑक्टोबरात पश्चिम ऑस्ट्रेलियात या जातीचे एक विमान हवेतच मोडून पडले आणि पुढे निरनिराळ्या देशांत तसेच अपघात एकामागून एक होत गेले. ७ जानेवारी १९३३ रोजी इटलीच्या डोंगरात ज्यांचा अंत झाला ते विख्यात ऑस्ट्रेलियन वैमानिक बर्ट हिंकलर हेही पस मॉथमध्येच होते. प्रत्येक अपघात सुटा पाहिला तर वादळाला, ढगांना किंवा वैमानिकाच्या साहसी स्वभावाला बोल लावणे सोपे होते. हे सर्व तपशील एकत्र मांडून त्यांची तुलना झाली तेव्हा कोठे ध्यानात आले की, खवळलेल्या हवेत पंखाला आधार देणारा पुढचा दांडा वाकू शकतो आणि त्यापाठोपाठ पंखच निखळतो. उपाय म्हणून त्या दांड्याच्या मध्याला एक छोटा जोडदांडा बसविण्यात आला. उपाय एवढासा होता. त्याला विलंब लागला तो दूरदूरच्या नोंदी एका टेबलावर येण्यास लागला.

आता मी अशा एका दोषाकडे वळतो, ज्याचा विचार या पठारावर बसून करणे विशेष प्रस्तुत आहे, आणि ज्यावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. श्रावण-भाद्रपदाच्या दिवसांत येथील हवा ओलसर असते, तापमान वीस-पंचवीस अंशांच्या आसपास असते, आणि अशा सुखद हवेत इंजिनात बर्फ जमेल ही गोष्ट नवशिक्याच्या कल्पनेतही येत नाही. तथापि कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जात असता आणि तेथेच पेट्रोलची वाफ होत असता तापमान वीस अंशांनी, प्रसंगी त्याहूनही अधिक, खाली येते. हवेतील बाष्प तेथे गोठते आणि बर्फाचा थर हवेची वाट हळूहळू आवळू लागतो. ज्यांच्या पंख्याचा कोन कायम असतो अशा विमानात इंजिनाचे फेरे थोडेथोडे उतरतात. वैमानिक नकळत थ्रॉटल किंचित पुढे सारतो. पुन्हा फेरे उतरतात, पुन्हा तो हात पुढे जातो. पुढे उतरण्यासाठी थ्रॉटल जवळजवळ मिटला की धोका शिगेस पोहोचतो, कारण त्या स्थितीत हवेची वाट आधीच चिंचोळी झालेली असते, आणि धावपट्टीच्या अलीकडे शक्तीची गरज लागावी नेमके त्याच वेळी इंजिन साद देत नाही.

यावर ‘कार्ब हीट’ची कळ ओढणे हा उपाय प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. ती ओढली की धुराड्याभोवती तापलेली हवा आत येते आणि बर्फ वितळतो. परंतु वितळलेले पाणी इंजिनातूनच जाते, त्यामुळे काही क्षण ते खोकते, धडधडते, आधीपेक्षाही अधिक आजारी भासते. आणि ज्याला ही गोष्ट कोणी समजावून सांगितलेली नाही असा मुलगा घाबरून ती कळ परत आत ढकलतो. उपाय हाती असताना उपायालाच अपाय समजण्याची ही घटका मला या सर्व विषयात सर्वात करुण वाटते. त्याहूनही गंभीर बाब ही की, या दोषाचा पुरावा उरत नाही. विमान शेतात उतरले, गावकरी धावले, पोलीस आले, पंचनामा झाला, आणि पुढे तज्ज्ञांनी इंजिन उघडून पाहिले तर ते ठणठणीत असते, कारण बर्फाचे पाणी आणि पाण्याची वाफ केव्हाच होऊन गेलेली असते. अशा प्रसंगी वैमानिकाची प्रामाणिक कैफियत हाच एकमेव दस्तऐवज असतो. ती त्याने दडविली तर तो दोष जगाच्या दृष्टीने घडलाच नाही, आणि पुढच्या मुलासाठी तो जसाच्या तसा शिल्लक राहिला.

पेट्रोलातील पाण्याविषयी थोडक्यात बोलतो. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव धरते, पाणी जड असल्यामुळे तळाशी बसते, म्हणून पहिल्या उड्डाणापूर्वी टाकीच्या तळातून थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढून पाहण्याचा प्रघात आहे. विमानाच्या पेट्रोलाला निळा रंग मुद्दाम दिलेला असतो. अनेकजण पेल्यात दोन थर दिसतात का एवढेच पाहतात. पण पेलाभर निव्वळ पाणीच आले तर दोन थर दिसणार कोठून? पेला उजेडात धरून निळेपणा आहे की नाही हे पाहिल्याखेरीज तपासणी पुरी होत नाही. मोटारीच्या पेट्रोलावर चालणाऱ्या छोट्या इंजिनांच्या मालकांना तर याहून अधिक सावध राहावे लागेल, कारण पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्या ऊसपट्ट्याला त्याचा लाभ होतो ही आनंदाची गोष्ट होय; परंतु इथेनॉल पाणी शोषून घेते, त्याच्यायोगे रबराच्या नळ्या व वॉशर खराब होऊ शकतात, आणि इंजिनाच्या निर्मात्याने किती टक्क्यांपर्यंत मुभा दिली आहे हे पुस्तिकेत पाहिल्यावाचून टाकी भरणे ही उघड हयगय आहे.

काही दोष तर असे असतात की त्यांना यंत्रदोष म्हणावे असे कोणास वाटतच नाही. सेसना विमानांतील वैमानिकाची खुर्ची रुळावर पुढेमागे सरकते, आणि त्या रुळाची छिद्रे किंवा खुर्चीची खीळ झिजली तर उड्डाणाच्या वेळी, नाक वर उचलले जात असतानाच, ती अकस्मात मागे घसरते. वैमानिक आधारासाठी हातातील सुकाणू ओढतो आणि विमान आणखी उभे होऊन वेग गमावते. अमेरिकेच्या विमान प्रशासनाला १९८७ साली या रुळांच्या नियतकालिक तपासणीचा सक्तीचा हुकूम काढावा लागला. खुर्ची जरा सैल आहे हे वाक्य लॉगबुकात लिहिण्याचा संकोच वाटणारे लोक मी माझ्या हँगरमधील आयुष्यात पुष्कळ पाहिले. त्यांना ते वाक्य क्षुल्लक वाटे, आणि माझी त्यांना नेहमीच ताकीद असे की, क्षुल्लक काय आहे हे ठरविण्याचा अधिकार लिहिणाऱ्याचा नाही, तपासणाऱ्याचा आहे.

हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात विंचच्या तारेने ग्लायडर वर खेचले जाते हे आपण जाणता. जगभर जेथे जेथे ही पद्धत आहे तेथे तारेत एक कमजोर दुवा जाणूनबुजून घातलेला असतो. ताण मर्यादेबाहेर गेला की पंखावर संकट येण्यापूर्वी तोच तुटतो, आणि तो तुटताक्षणी नाक खाली घालण्याचा सराव विद्यार्थ्याकडून एकट्याच्या पहिल्या उड्डाणापूर्वीच करून घेतला जातो. येथे बिघाड गृहीत धरलेला आहे, त्याची जागा ठरवून दिलेली आहे, आणि तो घडल्यास कोणाचीही अब्रू जात नाही. इंजिनाच्या विमानांच्या बाबतीत आपल्याला ही मनोवृत्ती अद्याप साधलेली नाही.

ती का साधलेली नाही याचे कारण स्पष्ट बोलले पाहिजे: ते कारण भय होय. जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात प्रशिक्षणाचे एक विमान कोसळले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीच्या परिसरात चार दिवसांच्या आत आणखी दोन कोसळली. अशा प्रत्येक वेळी वृत्तपत्रांचा, गावकऱ्यांचा आणि पालकांचाही पहिला प्रश्न एकच असतो, चूक कोणाची? तो प्रश्न मनुष्यस्वभावाला धरून आहे. परंतु आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या कराराचे तेरावे परिशिष्ट निःसंदिग्ध शब्दांत सांगते की, अपघाताच्या अन्वेषणाचा एकमेव हेतू पुढील अपघात टाळणे हा आहे, कोणावर ठपका ठेवणे हा नव्हे. आणि त्याच तत्त्वाला अनुसरून आपल्या देशातही २०१२ साली विमान अपघात अन्वेषण ब्युरोची स्वतंत्र स्थापना झाली. दप्तरात हे तत्त्व आले, हँगरच्या दारात ते अजून पोहोचावयाचे आहे. परवाना जाईल, क्लबाचे नाव खराब होईल, विमा कंपनी हात वर करील, विमान महिनाभर जमिनीवर राहील, या भयाने जो खडखडाट शनिवारी ऐकू आला तो रविवारी सांगितला जात नाही. ज्या तरुणाने आपल्या हातून विमान धावपट्टीवर जोरात आदळले हे आपण होऊन सांगितले त्याची चारचौघांत थट्टा करणारा शिक्षक मला त्या विमानाच्या खिळखिळ्या झालेल्या चाकाइतकाच धोक्याचा वाटतो, कारण त्या दिवसानंतर तो तरुण, आणि त्याच्यासोबत ती थट्टा ऐकणारे सर्वजण, काही सांगणार नाहीत.

म्हणून या परिषदेपुढे मी एक योजना ठेवीत आहे. महाराष्ट्रातील हौशी वैमानिकांनी व यंत्रज्ञांनी मिळून दोषांची एक सामायिक वही मराठीत ठेवावी. तीत वैमानिकाचे नाव नसावे आणि विमानाचा क्रमांकही नसावा. महिना, हवेचे तापमान व ओलावा, इंजिनाचे एकूण तास, काय जाणवले, त्या क्षणी काय केले, आणि जमिनीवर उघडून पाहिल्यावर काय आढळले, एवढाच मजकूर असावा. जे काही आढळले नाही तेही लिहावे, कारण बर्फासारख्या दोषात न आढळणे हाच पुरावा असतो. कायद्याने जे अपघात व ज्या गंभीर घटना कळविणे बंधनकारक आहे त्यांच्या जागी ही वही नाही. तो अहवाल योग्य त्या अधिकाऱ्याकडे गेलाच पाहिजे. दर तीन महिन्यांनी सर्व नोंदी एकत्र वाचून, सारखेपणा कोठे दिसतो ते पाहण्यासाठी एक लहानशी समिती नेमावी आणि तिच्यात वैमानिकांइतकेच यंत्रज्ञ असावेत. वही मराठीत असावी हा आग्रह मी भाषाभिमानापोटी धरीत नाही. इंजिनाचे झाकण प्रत्यक्ष ज्याच्या हाताने उघडले जाते त्या मदतनीसाला आपल्या शब्दांत लिहिता आले तरच त्याने पाहिलेले आपल्याला कळेल, आणि पुष्कळदा सर्वांआधी त्यानेच पाहिलेले असते.

मसुद्याच्या प्रती सकाळीच आपल्या हाती दिल्या आहेत. त्यातील चौथ्या कलमाला, म्हणजे जाणूनबुजून खोटे लॉगबुक लिहिणाऱ्यास किंवा मद्यप्राशन करून उडणाऱ्यास या वहीचे संरक्षण मिळू नये या कलमाला, काही प्रतिनिधींचा आक्षेप असल्याचे मला कळले आहे. एकदा अपवाद केला की भय पुन्हा शिरेल, असे त्यांचे म्हणणे आहे. माझे मत कलमाच्या बाजूचे आहे, तरी त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे हे मी मान्य करतो आणि ते सविस्तर ऐकू इच्छितो. यासाठी निबंधवाचनापूर्वीच हा ठराव चर्चेस घ्यावा असे मी ठरविले आहे. ज्यांना बोलावयाचे असेल त्यांनी आपली नावे चिटणिसांकडे द्यावीत.