'पहा' या एका शब्दाविषयी
(उमापूर येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी आपल्यापुढे एका लहानशा शब्दाविषयी बोलणार आहे. तो शब्द म्हणजे 'पहा'. कोशातील नोंद वाचून संपली की खाली 'पहा' असे लिहून दुसऱ्या एखाद्या नोंदीचे नाव दिलेले असते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाईस सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यात मजकुराच्या मध्येच काही शब्दांमागे बाणाची खूण दिसते. या शब्दावर स्वतंत्र नोंद आहे, ती काढून वाचा, असा तिचा अर्थ. आपण बहुतेक जण ती खूण ओलांडून पुढे जातो.

ही खूण विद्वानांपेक्षा आपल्या मुलांना अधिक उपयोगाची आहे. आपल्या घरांतून दखनी बोलली जाते आणि पुष्कळ मुलांच्या हाती पुस्तक मराठीचे असते. घरात कुणाचे डोळे पिवळे दिसू लागले की आजी 'यरकान' म्हणते, कुणी 'पीलिया' म्हणते. मूल आरोग्याचे पुस्तक काढते, 'य' पाहते, 'प' पाहते, काही सापडत नाही म्हणून पुस्तक मिटते. माहिती तर त्याच पुस्तकात 'कावीळ' या नावाखाली पडून असते! यात मुलाची बुद्धी कमी पडली असे समजू नका. 'यरकान : पहा कावीळ' एवढी एक ओळ लिहिण्याचे कष्ट पुस्तक करणाऱ्याने घेतले नाहीत, इतकेच. काली खांसी म्हणजे डांग्या खोकला. तपेदिक, टीबी आणि क्षयरोग हे एकच. त्यातही 'क्ष' काही कोशांत 'क'मध्ये येतो, तर काहींत वर्णमालेच्या अगदी शेवटी, म्हणजे शोधणाऱ्याची आणखी एक फेरी.

गावांच्या नावांचेही तसेच आहे. निजामी अमलातील कागदपत्रांत आपल्या जिल्ह्यात मोमिनाबाद भेटते. आजच्या नकाशावर ते नाव शोधून मिळणार नाही, कारण ते गाव म्हणजे अंबाजोगाई. अलीकडे २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. वडिलांच्या दाखल्यावर एक नाव, मुलाच्या अर्जावर दुसरे. नाव कोणते बरे हा वाद येथे नको. जुन्या नावाखाली 'पहा' लिहिलेले असले की शोधणाऱ्याचे काम होते.

मात्र ही खूण करण्यातही चुका होतात. 'पीलिया : पहा कावीळ' आणि कावीळ उघडावी तर 'पहा पीलिया', म्हणजे वाचक गिरणीच्या पट्ट्यासारखा फिरतच राहिला. दुसरी चूक, जी नोंद लिहिलीच नाही तिच्याकडे बोट दाखविणे. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. तेथे न लिहिलेल्या लेखाचा दुवा लाल दिसतो, म्हणजे निदान प्रामाणिकपणे सांगितलेले असते. तिसरी चूक पृष्ठांक देण्याची. नवी आवृत्ती निघाली, पाने सरकली, की सारे 'पहा' खोटे ठरतात. म्हणून नोंदीचे नाव द्यावे.

संगणकावरील कार्यक्रमासोबत जे मदतीचे पुस्तक असते, ते रचणारे याच्याही पुढे गेले आहेत. प्रत्येक नोंदीला ते एक कायमची खूणसंख्या देतात आणि दुवा त्या संख्येला बांधतात. पुढे शीर्षक बदलले तरी दुवा तुटत नाही. ही युक्ती नवी असली तरी काळजी जुनीच आहे. जुन्या फारसी-अरबी हस्तलिखितांत उजव्या पानाच्या खाली डाव्या कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवीत. पाने सुटली तरी क्रम हरवू नये म्हणून! ज्यांच्या घरी जुने ग्रंथ असतील त्यांनी अवश्य पाहावे.

आता कामाचे बोलतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागतो. तो तहसीलदारांच्या सहीने मिळतो आणि आपल्याला त्यासाठी गेवराईकडे पाहावे लागते. शिष्यवृत्तीच्या कागदावर फक्त 'दाखला जोडावा' असे लिहिलेले असते. तो कसा काढावा हे दुसऱ्याच कागदावर. या दोन कागदांत 'पहा' नसल्यामुळे मुदत टळते आणि मुलाचे वर्षाचे पैसे जातात. म्हणून ग्रंथालयात एक जाड वही ठेवावी, असे मी सुचवितो. एका पानावर एकच विषय, वर ठळक नाव, खाली 'पहा'. उत्पन्नाच्या दाखल्याच्या पानावर 'शिष्यवृत्ती' लिहावे आणि शिष्यवृत्तीच्या पानावर 'उत्पन्नाचा दाखला', म्हणजे कोणत्याही बाजूने आलेला माणूस पोहोचेल. संबंध नसलेली दहा नावे मात्र कोंबू नयेत, वाचक कंटाळतो.

मुलांनो, पुस्तकातील नावे शिक्षक सांगतीलच. घरातील नावे तुम्हीच आणायची आहेत. आजीला विचारा, दादांना विचारा, आणि ती जशी बोलली जातात तशीच वहीत उतरवा. शुद्ध-अशुद्धाची चिंता करू नका, कारण उद्या शोधणारा त्याच नावाने शोधणार आहे.