यंत्राची बारनिशी

सरकारी कचेरीत ज्याने चार वर्षे काढली आहेत, त्याला बारनिशी म्हणजे काय हे सांगावयास नको. आलेल्या टपालाची नोंद क्रमाने करावयाची आणि मागच्या पानावर जाऊन दोन ओळींमध्ये काही घुसडावयाचे नाही, हा तिचा धर्म. संगणकाच्या जगात जिला सीक्वेन्शियल फाइल म्हणतात, ती या बारनिशीचीच सख्खी बहीण होय. चुंबकीय फितीवर अक्षरे एकामागून एक उमटत. फितीची जागा बहुतेक ठिकाणी तबकडीने घेतली, तरी ती शिस्त मात्र टिकून राहिली.

अशी फाइल लिहिण्याची सोपी रीत बेसिक या भाषेत आहे. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी व टॉमस कुर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी ती घडविली आणि १ मे १९६४ रोजी तिच्यातील पहिला कार्यक्रम चालला. विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही यंत्राशी बोलता यावे, हा त्यांचा हेतू होता. तिचाच एक वंशज १९९३ पासून एक्सेलच्या पोटात नांदतो आहे, आणि आज अनेक कचेऱ्यांतील तक्ते त्याच्या आज्ञेने हलतात.

या भाषेत फाइल उघडताना 'ओपन' या आज्ञेबरोबर आपला हेतू सांगावा लागतो. वाचावयाचे असेल तर 'इनपुट', लिहावयाचे असेल तर 'आउटपुट' आणि शेवटी भर घालावयाची असेल तर 'अपेंड'. शेवटच्या दोन शब्दांत केवढे अंतर आहे! 'अपेंड' म्हटले की यंत्र कालच्या नोंदीखाली आजची नोंद करते. 'आउटपुट' म्हटले की त्याच नावाची जुनी फाइल ते क्षणात कोरी करते आणि पहिल्या ओळीपासून आरंभ करते. 'साहेब, पुसू का?' असे ते विचारीत नाही. वर्षभराची नोंद एका शब्दाने नाहीशी होऊ शकते.

लिहिण्याच्या आज्ञाही दोन आहेत. 'प्रिंट' ही मजकूर दिसेल तसा उतरविते. माणसाने वाचावयाच्या अहवालाला ती योग्य. 'राइट' ही मजकुराला अवतरणचिन्हांत ठेवून दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम घालते. पत्त्यात 'शनिवार पेठ, पुणे' असे असेल, तर 'प्रिंट'ने लिहिलेली ओळ परत वाचताना यंत्र त्याचे दोन तुकडे करील. 'राइट'ने लिहिलेला पत्ता अखंड राहील.

यानंतर 'क्लोज'. लिहिलेला मजकूर लगेच तबकडीवर जातोच असे नाही. तो काही काळ स्मृतीत थांबतो. फाइल बंद केली म्हणजे उरलेला सर्व मजकूर जागी पोचतो. मध्येच वीज गेली, तर थांबलेल्या ओळी हरवतात. सही-शिक्क्यावाचून जसा हुकूम पुरा होत नाही, तशी 'क्लोज'वाचून नोंद पुरी झाली असे मानू नये.

आपल्याला विशेष जपावयाची गोष्ट याहून निराळी आहे. एक्सेलमधील या जुन्या आज्ञा विंडोजच्या सर्वसाधारण मांडणीत मजकूर अशा अक्षरसंचात उतरवितात, की ज्यात देवनागरीला जागाच नाही. पडद्यावर दिसणारे मराठी नाव फाइलमध्ये प्रश्नचिन्हांची रांग होऊन बसते, आणि यंत्र चुकीची सूचनाही देत नाही. त्यासाठी स्ट्रीम नावाचे निराळे साधन वापरून मजकूर यूटीएफ-८ या पद्धतीने लिहावा लागतो.

नोंदीतील ओळ ही कोणाच्या तरी निवृत्तिवेतनाची, जमिनीची, वा शिष्यवृत्तीची असते. आपले नाव प्रश्नचिन्ह झाले, हे त्या माणसाला खिडकीशी आल्यावरच कळते. म्हणून लिहून झाल्यावर फाइल पुन्हा उघडावी, ओळी मोजाव्या, आणि निदान एक मराठी नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचून पाहावे. यंत्र सांगितले तेवढे निमूटपणे लिहिते. काय लिहिले गेले हे पाहण्याची जबाबदारी लिहविणाऱ्याची आहे.